औषधी मॉइश्चरायझर लावूनही कोरडेपणा आणि खाज परत येते? ‘स्ट्राँग’ ट्यूब मागण्याआधी हे तपासा

तक्रार नेहमीची आहे. दिवाळी सरते, धुळे-साक्रीकडं पहाटेचा पारा ७-८ अंशांवर येतो आणि पोटऱ्या पांढुरक्या पडायला लागतात. नख ओढलं तर रेघ उमटते. रात्री गोधडीत ऊब आली की खाज सुटते. मग डॉक्टरांनी लिहिलेलं नाहीतर शेजारणीनं सांगितलेलं औषधी क्रीम घरात येतं, आठवडाभर बरं वाटतं, ट्यूब संपते आणि पंधरवड्यात पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला माणूस मेडिकलवर येऊन म्हणतो, “भाऊ, हे काही लागू पडत नाही. जरा स्ट्राँग काढा.”

मी काउंटरच्या आतल्या बाजूला उभा असतो. स्ट्राँग काढून देणं सोपं आहे, गिऱ्हाईक दोन दिवसांत खूशही होतं. पण परत परत येणाऱ्या कोरडेपणात क्रीमची ताकद कमी पडली, असं फार क्वचित आढळतं. क्रीम लावण्याआधी काय झालं आणि लावल्यावर काय झालं, यातच बहुतेक वेळा कारण सापडतं. नाहीतर मग तो मुळात कोरडेपणाच नसतो.

ट्यूब उलटी करा

पुढच्या बाजूला कंपनीचं नाव मोठं असतं, कामाचं सगळं मागे बारीक अक्षरात. तिथं साधारण हे सापडेल.

ग्लिसरीन आणि युरिया पाणी धरून ठेवतात. युरिया आपल्या कातडीच्या वरच्या थरात मुळातच असतो. १० टक्क्यांपर्यंतचा युरिया ओलावा धरतो. २० टक्क्यांपासून पुढे तो जाड, मेलेली कातडी सोडवायला लागतो. म्हणजे हातापायांना १० टक्के, टाचांना २० ते २५ टक्के. ४० टक्क्यांचा जाड कुरूप किंवा नखांसाठी असतो, तोही डॉक्टरांनी सांगितला तरच. लॅक्टिक ॲसिड आणि सॅलिसिलिक ॲसिड हीसुद्धा कातडी सोलणाऱ्यांतली. व्हाइट सॉफ्ट पॅराफिन, लिक्विड पॅराफिन, पेट्रोलियम जेली हे पाणी बाहेर जाऊ न देणारं झाकण.

आणि याच यादीत बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन, हायड्रोकॉर्टिसोन यांपैकी एखादं नाव दिसलं, तर ते मॉइश्चरायझर नाही. ते स्टेरॉइड आहे, भले बोटाला कितीही मऊ लागो. त्याच्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलं आहे, कारण खरी गफलत तिथंच होते.

सकाळी मऊ, दुपारी परत ठणठणीत कोरडं

सगळ्यात जास्त येणारी तक्रार ही, आणि सगळ्यात सहज सुटणारीही.

पहिला प्रश्न: क्रीम कधी लावता? “अंघोळ झाली, पूजा झाली, चहा झाला, मग लावते.” तोवर कातडी वाळलेली असते. मॉइश्चरायझर बाहेरून फारसं पाणी आणत नाही, असलेलं अडवतो. वाफा ओला असतानाच त्यावर मल्चिंगचा कागद अंथरावा लागतो, कोरड्या ढेकळांवर अंथरून काय उपयोग? अंग टॉवेलनं टिपायचं, घासायचं नाही, आणि दोन-तीन मिनिटांच्या आत, कातडी किंचित दमट असतानाच क्रीम लावायचं. क्रीमचा डबा न्हाणीच्या दाराशीच ठेवला तर हे जमतं. कपाटात ठेवला की राहून जातं.

दुसरा प्रश्न: किती लावता? मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या शेवटच्या पेरावर, टोकापासून पहिल्या घडीपर्यंत, ट्यूबमधून क्रीमची एक रेघ काढली की ते साधारण अर्धा ग्रॅम भरतं. तेवढ्यात बोटांसकट दोन तळहातांएवढी जागा होते. या हिशेबानं दोन्ही पाय, पावलांसह, एकदा माखायला आठेक ग्रॅम लागतात. म्हणजे ३० ग्रॅमची ट्यूब दिवसातून दोनदा लावली तर दोन दिवसांतच संपायला हवी! आपण ती महिनाभर पुरवतो आणि वर म्हणतो, औषधात दम नाही. हे माप मुळात स्टेरॉइडसाठी बसवलेलं आहे. साधं मॉइश्चरायझर तर याहून सढळ हातानं लावायचं असतं.

खर्चाचं काय, हा प्रश्न रास्त आहे. माझा सल्ला असा की सगळ्या अंगाला महागडी औषधी ट्यूब फासूच नका. मोठ्या जागेला बिनवासाचं साधं क्रीम किंवा पेट्रोलियम जेली, मोठ्या डब्यातली, स्वस्त पडते आणि चांगलं काम करते. युरियाची ट्यूब जिथं कातडी खरखरीत झाली आहे, तेवढ्याच ठिकाणी. खोबरेल तेलसुद्धा, कातडी फुटलेली नसेल तर, ओल्या अंगावर लावायला काही हरकत नाही.

तिसरा प्रश्न पाण्याचा, आणि तो आपल्या भागात महत्त्वाचा. बोअरचं पाणी पुष्कळ गावांत जड आहे. बादलीच्या कडेला पांढरा थर बसतो, साबणाला फेस येत नाही, म्हणून आपण साबण आणखी घासतो. जड पाण्यातला कॅल्शियम साबणाशी मिळून चिकट साका तयार होतो आणि तो अंगावरच राहतो. त्यात नेहमीच्या साबणाचा सामू (पीएच) ९ ते १० च्या घरात, कातडीचा ५ च्या आसपास. त्यावर कढत पाण्याच्या दोन बादल्या. थंडीत कढत पाणी किती बरं वाटतं हे मलाही कळतं, पण कातडीतलं तेल तेच पाणी धुऊन नेतं. कोमट पाणी, पाच-दहा मिनिटांत अंघोळ, साबण फक्त काखा, जांघा आणि पावलांना. हातपायांना रोज साबण लागत नाही. शेतातून धुळीनं माखून आलात तर गोष्ट वेगळी, तेव्हा कमी सामूचा सौम्य बार वापरा. कपड्याच्या वडीनं हातपाय घासण्याची सवय मात्र आजच सोडा.

एवढं दोन आठवडे केलं तर निम्म्याहून अधिक लोकांना ‘स्ट्राँग’ची आठवण राहणार नाही, असा माझा अंदाज आहे.

लावल्याबरोबर आग होते

मिनिटभर चुरचुरलं आणि थांबलं, तर घाबरायचं कारण नाही. युरिया आणि लॅक्टिक ॲसिड फुटलेल्या किंवा खाजवून सोललेल्या कातडीवर झोंबतातच. अशा जागी आधी चार-पाच दिवस नुसती पेट्रोलियम जेली लावा, चीर बुजू द्या, मग युरियाकडं वळा. उघड्या जखमेत, डोळ्यांच्या आसपास, ओठांवर, नाजूक जागी ही क्रीमं लावायचीच नाहीत. दाढी केल्या केल्याही नाही.

चुरचुर थांबतच नाही, जागा लाल होऊन फुगते, बारीक पुरळ येतं किंवा क्रीम लावलं तेवढ्याच चौकोनात खाज वाढते, तेव्हा ती ॲलर्जी असू शकते. बहुतेकदा दोष औषधाचा नसतो. सुगंधी द्रव्य, लॅनोलिन, प्रोपिलीन ग्लायकॉल, टिकवण्यासाठी घातलेली रसायनं यांतलं काहीतरी सोसत नाही. क्रीम धुऊन टाका, बंद करा, ट्यूब फेकू नका, डॉक्टरांना दाखवायला ठेवा. ओठ-चेहरा सुजला किंवा श्वास लागायला लागला तर मात्र थेट दवाखाना. ज्यांची कातडी नाजूक आहे त्यांनी नवं क्रीम आधी कोपराच्या आतल्या बाजूला, दोन रुपयांच्या नाण्याएवढ्या जागेवर, आठवडाभर रोज दोन वेळा लावून बघावं.

मिरचीचा एक वेगळाच प्रकार आहे. नंदुरबारच्या पथाऱ्यांवर लाल मिरची वाळते, तिचे देठ खुडणाऱ्या बायांच्या बोटांची आग क्रीमनं वाढल्यासारखी वाटते. मिरचीतलं तिखट पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतं. नुसतं पाणी मारून वर क्रीम चोळलं तर ते तिखट हातभर पसरतं. आधी खाद्यतेल चोळून पुसा, मग सौम्य साबण, मग क्रीम. आणि त्या हातानं डोळ्याला शिवू नका, हे मिरचीवाल्या मावशींना मी काय सांगणार!

लावलं की गायब, सोडलं की दुप्पट

आता मुद्द्याचं. क्रीम लावलं की दोन दिवसांत खाज थांबते, लाली जाते, आणि सोडलं की आधीपेक्षा जोरात येते. असं होत असेल तर ट्यूबेत स्टेरॉइड आहे का ते पहिल्यांदा बघा.

मागचं गणित असं. स्टेरॉइड कातडीतली सूज आणि प्रतिकार दोन्ही दाबतं. इसब असेल तर डॉक्टरांनी सांगितलेल्या दिवसांपुरतं ते उत्तम औषध आहे, त्याला घाबरून अर्धवट सोडणंही चूक. पण नायटा असेल, म्हणजे बुरशी, तर प्रतिकार दबल्यावर बुरशीला मोकळं रान मिळतं. वरून लाली गेलेली, आत बुरशी पसरलेली. गजकर्णाची ओळखीची गोल कडा पुसट होते आणि मग डॉक्टरांनाही पटकन ओळखू येत नाही. जांघेत, कमरेला, काखेत, छातीखाली, जिथं घाम साचतो आणि कपडा घट्ट बसतो, तिथली खाज ‘कोरडेपणा’ समजून मॉइश्चरायझर फासणंही व्यर्थ. बुरशीला ओल हवीच असते.

बाजारात एकाच ट्यूबेत स्टेरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक अशी तिहेरी मिसळ मिळते. ‘सगळ्यावर चालतं’ म्हणून तीच घरोघरी असते. २०१८ साली सरकारनं अशा पुष्कळ स्टेरॉइड क्रीमांना चिठ्ठीशिवाय विक्रीची मिळालेली सूट काढून घेतली. तरीही ती सहज मिळतात, हे आमच्या धंद्याला शोभणारं नाही. नाव क्लोट्रिमॅझोलनं सुरू झालं म्हणून ते निव्वळ बुरशीचं औषध आहे असं धरून चालू नका. त्याच ओळीत पुढं बीटामेथासोन लिहिलेलं असतं.

नायट्यावर नुसतं बुरशीचं क्रीम डॉक्टर सांगतील तितके आठवडे लावायचं, डाग दिसेनासा झाल्यावरही. डागाच्या कडेबाहेर बोटभर जास्त. घरात आणखी कुणाला असेल तर त्याचाही इलाज त्याच वेळी, टॉवेल वेगळे, आतले कपडे कडक उन्हात वाळवलेले. ऊन आपल्याकडं फुकट आहे, तेवढं तरी वापरा. जुना, पसरलेला नायटा असेल तर पोटात गोळ्या लागतात आणि त्या त्वचारोगतज्ज्ञांनीच द्याव्यात.

सतत स्टेरॉइड लावून कातडी पातळ होते, बारीक लाल शिरा दिसतात, जांघेत-काखेत कायमचे चट्टे उमटतात, चेहऱ्यावर मुरूम येतात. आखाजीनंतरच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतरच्या लग्नसराईत ‘गोरं होण्याची’ म्हणून ज्या ट्यूबा मागितल्या जातात, त्यांतल्या कित्येकांत मोमेटासोन असतं, जोडीला हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन. नवरीनं महिनाभर लावली, लग्नानंतर सोडली, की चेहरा लालबुंद होऊन जळजळतो. मग ती पुन्हा लावते. महिनोन्महिने चेहऱ्याला असं काही लावत असाल तर स्वतःच्या मनानं झटकन बंदही करू नका. डॉक्टरांकडून हळूहळू सोडवून घ्या.

डॉक्टरांनी स्टेरॉइड आणि मॉइश्चरायझर दोन्ही दिलं असेल तर एकावर एक कालवू नका. दोहोंमध्ये अर्ध्या तासाचं अंतर ठेवा. आधी कोणतं यावर डॉक्टरांचीही मतं वेगवेगळी असतात, तुमच्या डॉक्टरांचं ऐका.

अंगभर खाज, आणि ती घरात सगळ्यांना

बोटांच्या बेचक्यात, मनगटाला, कमरेला बारीक पुटकुळ्या, रात्री खाज जास्त, आणि घरात दोघा-तिघांना एकदम: ही खरूज. मॉइश्चरायझरनं ती जन्मात जायची नाही. परमेथ्रिन ५ टक्के क्रीम, मानेपासून तळपायापर्यंत, रात्रभर, घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री. आठवड्यानं पुन्हा एकदा. लहान बाळ आणि गरोदर बाई असेल तर आधी डॉक्टर. इलाजानंतरही दोन-तीन आठवडे खाज राहू शकते, म्हणून तेच औषध रोज चोपडत बसू नका. तिथं मात्र साधं मॉइश्चरायझर उपयोगी पडतं.

टाचा

कापूस वेचणीच्या दिवसांत टाचा फुटतात त्या थंडी, अनवाणी चालणं आणि धूळ यांच्या एकत्र कृपेनं. रात्री पाय कोमट पाण्यात दहा मिनिटं, मऊ झालेली कातडी हलक्या हातानं घासा, ब्लेडनं कापू नका. टिपून २० टक्क्यांच्या वरचं युरिया क्रीम टाचेच्या जाड भागावर, त्यावर पेट्रोलियम जेली, त्यावर सुती मोजे. सकाळी शेतात जाताना पायात बंद बूट हवेत. कपाशीच्या पऱ्हाटीत स्लिपरवर फिरून रात्री क्रीम लावणं म्हणजे इकडून भरा, तिकडून सांडा.

शुगर असलेल्यांना वेगळं सांगतो. पाय कोरडे पडू देऊ नका, क्रीम रोज लावा, पण बोटांच्या बेचक्यात कधीच नाही. तिथं ओल राहून चिखल्या होतात. पाय भिजत ठेवू नका, कारण पाणी किती गरम आहे हे बधिर पायाला कळत नाही. कुरूप काढण्याच्या सॅलिसिलिक ॲसिडच्या पट्ट्या आणि थेंब अजिबात नाही. चटका बसलेला समजत नाही आणि जखम चिघळते. भेगेतून रक्त किंवा पाणी येत असेल तर क्रीम बाजूला, दवाखाना गाठा.

सॅलिसिलिक ॲसिडबद्दल आणखी एक. ते कातडीतून रक्तात जातं. लहान मुलांच्या अंगभर, किंवा मोठ्यांच्या मोठ्या भागावर रोज लावलं तर कान वाजणं, मळमळ, धाप अशी लक्षणं येऊ शकतात. ॲस्पिरिन सोसत नसेल त्यांनी तर टाळावंच. दोन वर्षांच्या आतल्या मुलाला आजीची ट्यूब लावू नका, मग ती युरियाची असो वा कापूर-मेंथॉलवाली.

गाजरगवत उपटणाऱ्याच्या चेहऱ्यावर, मानेवर, कोपराच्या घडीत दरवर्षी त्याच हंगामात कातडी जाड होऊन खाजत असेल, तर ती गवताची ॲलर्जी असण्याची शक्यता मोठी. बांधावर गवत उभं आहे तोवर कुठलंही क्रीम पुरं पडणार नाही. पूर्ण बाह्या, हातमोजे, तोंडाला रुमाल, आणि गवत फुलावर येण्याआधी काढणं. केळीचा चीक रॉकेलनं काढणाऱ्यांनाही हेच. रॉकेल कातडीचं तेल ओढून घेतं. चीक तेलानं सैल करा.

उन्हाळ्याचे दिवस

हिवाळ्यातलं घट्ट मलम मे महिन्यात, भुसावळच्या ४५ अंशांत चालवलं की केसांच्या मुळाशी पुळ्या येतात. तेव्हा पातळ लोशन घ्या, आणि कुठलंही क्रीम केसांच्या दिशेनं वरून खाली लावा, उलटसुलट चोळू नका. लॅक्टिक ॲसिडवालं क्रीम लावून उन्हात जाऊ नका, कातडी लवकर भाजते, ते रात्री.

पत्र्याच्या घरात, खिडकीत किंवा गाडीत ठेवलेलं क्रीम फाटतं. वर पाणी, खाली गोळा. वास किंवा रंग बदलला तर मुदत शिल्लक असूनही फेकून द्या. साठवणीची मर्यादा बहुतेक ट्यूबांवर २५ किंवा ३० अंश अशी छापलेली असते. घरातली सगळ्यात थंड, अंधारी जागा बघा, माठामागचा कोनाडा चालेल. डब्यातलं क्रीम बोटानं न काढता स्वच्छ चमच्यानं काढा. उघड्या डब्याचं छोटं चित्र आणि त्यात १२ एम असं छापलेलं असेल तर उघडल्यापासून बारा महिने, एवढाच त्याचा अर्थ.

आगीचं मात्र कुणी सांगत नाही. पॅराफिनचं क्रीम कपड्यांत, पांघरुणात, पट्टीत मुरतं, आणि तो कपडा ठिणगीनं भराभर पेटतो. २०१८ मध्ये ब्रिटनच्या औषध नियामकांनी हा इशारा पॅराफिन नसलेल्या मॉइश्चरायझरांपर्यंतही वाढवला. कपडा एकदा धुऊन हा धोका पूर्ण जात नाही. अंगाला क्रीम चोपडून चुलीपुढं बसणाऱ्या आजी, गोधडीत बिडी ओढणारे आबा, थंडीत शेकोटीभोवतीची मंडळी यांना हे आवर्जून सांगा. न्हाणीतल्या फरशीवर सांडलेल्या क्रीमवरून पाय घसरतो तेही.

एवढं करूनही

दोन-तीन आठवडे नीट लावूनही फरक नसेल, झोप मोडत असेल, पू किंवा ताप असेल, तर त्वचारोगतज्ज्ञ. वयस्कर माणसाला पुरळ नसताना अंगभर खाज सुटली असेल, तर किडनी, लिव्हर, थायरॉइड आणि रक्ताच्या तपासण्या व्हायला हव्यात. फिकट किंवा लालसर चट्टा, त्यावर घाम नाही, केस विरळ, आणि टोचलं तर कळत नाही, असं असेल तर एकही क्रीम न लावता प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. कुष्ठरोगाचा इलाज तिथं मोफत आहे, आणि लवकर सुरू केला तर व्यंग येत नाही.

डॉक्टरांकडं जाताना आजवर वापरलेल्या सगळ्या ट्यूबा, रिकाम्यासुद्धा, पिशवीत घालून न्या. “पांढरी होती, हिरव्या झाकणाची” यावरून काही कळत नाही. अंघोळीचा साबणही दाखवा. आणि त्या दिवशी सकाळी चट्ट्यावर काही लावू नका, म्हणजे डॉक्टरांना तो आहे तसा दिसेल, आणि गरज वाटली तर खवले खरवडून बुरशी तपासता येईल.